पत्रात माझे नाव नव्हते

मी एक जुना कठडा आहे, मित्रांनो. जिन्याचा नव्हे आणि गॅलरीचाही नव्हे. चर्चमध्ये पुढे वेदी असते आणि मागे माणसांची बाके असतात. त्या दोहोंच्या मध्ये, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी उभा होतो. तुमच्यापैकी अनेकांनी असा कठडा पाहिलाही नसेल. त्यात तुमची चूक नाही. तुमच्या जन्माआधीच माझ्यासारख्या पुष्कळांना जागेवरून उठवले गेले. मला कोणी उठवले आणि कोणाच्या सांगण्यावरून उठवले, ते आज सांगतो. एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी संशयी आहे. पहिल्यापासून नव्हतो, पुढे झालो.

मला ज्या सुताराने घडवले तो फारसा देवभोळा नव्हता. रविवारी उशिरा येई आणि मागच्या खांबाआड उभा राही. पण लाकडाशी त्याने कधी लबाडी केली नाही. त्याने माझे चौतीस खांब एकेक करून कातले, मधोमध दोन झडपांचे छोटे फाटक बसवले आणि सगळे जोड खाच पाडून, खुंटी ठोकून घट्ट केले. खिळा एकही मारला नाही. शेवटी त्याने बायकोला हाक मारली. "जरा गुडघे टेक बघू. उंची बरोबर आहे का?" ती बिचारी चुलीवरचे काम टाकून आली, लाकडाच्या भुशात गुडघे टेकून बसली, माझ्यावर कोपर ठेवून पाहिले आणि म्हणाली, "दोन बोटं उतरव." त्याने दोन बोटे उतरवली. त्यानंतर माझ्या उंचीबद्दल कोणी तक्रार केली नाही.

माझे काम सोपे होते. मिस्सेच्या, म्हणजे आमच्या उपासनेच्या, शेवटी शेवटी माणसे रांगेने पुढे येत, माझ्यापाशी गुडघे टेकत आणि फादर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात प्रत्येकाच्या जिभेवर पवित्र भाकर ठेवत. तेव्हा लोक आदल्या रात्रीपासून उपाशी असत. पोटे अशी गुरगुरत की मला हसू येई. डॉक्टरांच्या शेजारी त्यांच्या मोटारीचे चाक बदलणारा माणूस असे, त्याच्या शेजारी शाळेच्या मोठ्या बाई असत. गुडघ्यांवर आले की सगळे माझ्या मापाचे होत. बाहेरगावचे पाहुणे आले की जुने फादर माझ्या खांबांवरून हात फिरवत म्हणत, "एकही खिळा नाही बरं का!" आणि मी फुगून जाई.

त्या काळी फादर लोकांकडे पाठ करून, वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत. भाषा लॅटिन. ती गावात एकालाही येत नव्हती, पण कानाला सवयीची झाली होती. कोणत्या आवाजाला उभे राहायचे आणि कोणत्या आवाजाला मान झुकवायची, एवढे सगळ्यांना पाठ होते.

माझी देखभाल एक शिंपीण करत असे. दर शनिवारी माझ्या अंगावर घालायचा लांब पांढरा पडदा ती धुऊन, इस्त्री करून आणी. तिचा थोरला भाऊ चर्चची घंटा वाजवायचा, मेणबत्त्या लावायचा, किल्ल्या सांभाळायचा. सगळे त्याला घंटेवाले काका म्हणत. शिंपीणबाईंचा नवरा लवकर गेला होता. त्या सासूबरोबर चर्चमागच्या गल्लीत राहत आणि समोरच्याच घरात भाऊ राहत असे. भावाबहिणीचे इतके गूळपीठ होते की एकीच्या घरी कालवण झाले की वाटी दुसऱ्याच्या घरी पोहोचलीच म्हणून समजा.

मग जुने फादर थकले आणि निवृत्त होऊन पुलापलीकडच्या एका घरात राहायला गेले. त्यांच्या जागी नवे फादर आले. वयाने तरुण, चालणे झपाझप. ते येण्याआधीच रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत बातम्या येत होत्या. दूरच्या देशात जगभरचे बिशप जमले आहेत आणि चर्चमध्ये खूप काही बदलणार आहे, असे लोक माझ्याजवळ उभे राहून कुजबुजत. कोणी म्हणे, आता उपास नाहीत. कोणी म्हणे, संतांचे पुतळे काढणार. एकाने तर छातीठोकपणे सांगितले की पवित्र भाकर आता बिस्किटांच्या कारखान्यातून येणार आहे. खरे किती आणि खोटे किती, कोणालाच ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक असायला हवे, ते नवे फादर नुसते हसत.

एका रविवारी ते म्हणाले, "वरून पत्र आलं आहे. पुढच्या आठवड्यापासून मिस्सा आपल्या भाषेत होईल. मी तुमच्याकडे तोंड करून उभा राहीन."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? तो रविवार मला आवडला. "तुम्हाला शांती असो" हे शब्द मी कित्येक वर्षे नुसता आवाज म्हणून ऐकले होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते मला कळले. मोटारीची चाके बदलणारा तो माणूस तर लहान मुलासारखा डोळे पुसत होता. शिंपीणबाईंच्या सासूने मात्र बाहेर पडताना फादरांना अडवले. "फादर, इतकी वर्षं तुमचं काय चाललंय ते कळत नव्हतं, म्हणून मी आपलं माझं म्हणत बसायचे. आता सगळं कळतंय, तर माझं म्हणायला उसंतच मिळत नाही." फादर खळखळून हसले. शिंपीणबाई हसल्या नाहीत. त्या फादरांच्या हातातल्या कागदाकडे बघत होत्या. फादरांनी तो घडी करून खिशात घातला.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी चर्च रिकामे असताना फादर मोजपट्टी घेऊन आले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी मला मोजले. माझ्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात शिंपीणबाई पडदा न्यायला आत आल्या.

"फादर, कशाला मोजताय?"

"सहज."

"सहज कोणी मोजत नाही, फादर. मी शिंपीण आहे. मी माप घेते ते कापायला."

फादर मोजपट्टी गुंडाळून निघून गेले.

त्या दिवसापासून आम्ही दोघे डोळ्यांत तेल घालून पाहू लागलो, मी आणि शिंपीणबाई. शेजारच्या सभागृहात बैठक झाली, तेव्हा खिडकीतून सारे मला ऐकू येत होते. फादर सांगत होते, "आता उभं राहून प्रसाद घ्यायचा. कठड्याची गरज नाही. वरून तसं आलंय."

"पत्र दाखवता का?" शिंपीणबाईंचा आवाज.

"मी सांगितलं ना, बाई."

"सांगितलंत. दाखवलं नाहीत."

सभागृहात चुळबुळ झाली. कोणीतरी म्हणाले, "फादरांवर विश्वास नाही का तुमचा?" त्यावर त्या म्हणाल्या, "विश्वास देवावर आहे. पत्र मी वाचूनच मानीन." काही लोक हसले. त्या हसण्याने त्यांचा चेहरा कसा झाला असेल, ते मला दिसले नाही.

एका बुधवारी सकाळी दोन गवंडी आले. त्यांच्याबरोबर पहार घेऊन घंटेवाले काका होते. ज्या हातांनी ते मला पुसायचे, त्याच हातांनी त्यांनी पहिली खुंटी उपटली. मी करकरलो. मला वाटते, काकांनी दात आवळले होते. दोन तासांत माझे चार तुकडे झाले आणि फरशीत रांगेने भोके उरली. शेवटचा तुकडा उचलत असताना दारात शिंपीणबाई उभ्या राहिल्या. हातावर इस्त्री केलेला पडदा होता.

"दादा, तू?"

"वरून आदेश आहे गं."

"तू पाहिलास?"

काकांनी मान खाली घातली. "फादर म्हणतात."

बाईंनी पडद्याची आणखी एक घडी घातली, आणखी एक घातली, आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर तीन वर्षे त्या भावाशी एक शब्द बोलल्या नाहीत. समोरासमोर दारे, पण एक दार उघडले की दुसरे लागे.

मला घंटेखालच्या खोलीत टाकले. तिथे मोडकी बाके होती, एका पायाने अधू असलेली शिडी होती आणि धूळ. खोलीचे दार चर्चमध्येच उघडत असे आणि ते कधी नीट लागत नसे, म्हणून फटीतून मला सारे दिसे. पुलापलीकडे जुने फादर आपल्या घरात अजून जुन्या पद्धतीनेच मिस्सा म्हणत. शिंपीणबाई तिकडे जाऊ लागल्या. त्यांच्यामागे आणखी दहा घरे गेली. इकडच्यांनी त्यांना "पुलावरचे" असे नाव ठेवले आणि तिकडच्यांनी इकडच्यांना "उभे". लग्नाची आमंत्रणे थांबली. एका घरात तर नवरा उभा आणि बायको पुलावरची; पोरे एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे.

संशय हा वाळवीसारखा असतो, मित्रांनो, लाकडाला तो बरोबर कळतो. शिंपीणबाईंना आता कशातच सरळपणा दिसेना, असे लोक खोलीबाहेर बोलत. नवे गाणे आले की त्या म्हणत, यात काहीतरी पाणी मुरतंय. ध्वनिक्षेपक बसवला, तर म्हणाल्या, ज्याला दडवायचं असतं तो मोठ्याने बोलतो. फादरांनी आजाऱ्यांसाठी औषधांची पेटी ठेवली, तरी त्यांना शंका. आणि मी? मीही तसाच झालो होतो. घंटेवाले काका दोर ओढायला येत आणि जाताना माझ्या एखाद्या खांबावर हात ठेवत. पूर्वी मला ते आवडले असते. आता मला वाटे, हा हात कशासाठी? कशाची भरपाई चालली आहे?

लवकरच त्याचा एक धागा हाती लागला. एका सकाळी काका दोर सोडून माझ्याजवळ खाली बसले आणि स्वतःशीच पुटपुटले, "नाव नाही. कुठेच नाव नाही." मला अर्थ लागला नाही, पण मी ते शब्द धरून ठेवले.

शिंपीणबाईंची सासू मात्र पुलापलीकडे गेली नाही. "माझे पाय देवानेच थकवलेत. तो मला इथेच भेटेल," असे ती म्हणाली. दर रविवारी काठी टेकत ती एकटी येई. रांगेत उभी राहताना काठी बाकाला लावून ठेवी, कारण हात जोडायचे असत. पूर्वी मी होतो तेव्हा ती माझ्यावर एक हात ठेवी. आता तिथे धरायला नुसती हवा होती.

त्या रविवारी ती रांगेत पुढे सरकली, फादरांसमोर आली, "आमेन" म्हणाली आणि वळताना तिचा तोल गेला. हात काहीतरी शोधत पुढे आला. मी फटीतून पाहत होतो. तो हात नेमका माझ्या उंचीवर आला होता. ती मनगटावर कोसळली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, आणि मला लाकूड मोडल्यासारखे वाटले.

फादर हातातले पात्र वेदीवर ठेवून धावले. घंटेवाल्या काकांनी तिला उचलून पुढच्या बाकावर बसवले. डॉक्टर तिथेच होते, त्यांनी कोणाचा तरी रुमाल घेऊन हात गळ्यात बांधला. कोणीतरी पुलाकडे धावले. मिस्सा कशीबशी संपली, पण लोक गेले नाहीत. थोड्या वेळात शिंपीणबाई धापा टाकत आत आल्या. तीन वर्षांनी त्या या चर्चमध्ये पाऊल ठेवत होत्या.

त्यांनी आधी सासूचा गळ्यात बांधलेला हात पाहिला. मग सरळ फादरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"धरायला काही होतं का तिथे?"

"बाई, मला फार वाईट वाटतंय. पण आदेश..."

"कुठाय आदेश? तीन वर्षं विचारतेय मी."

फादरांची नजर फरशीकडे गेली. मग घंटेवाल्या काकांचा आवाज आला, अगदी हळू.

"आदेश नव्हता."

ते आत गेले, खणातून तो घडी घातलेला कागद घेऊन आले आणि सगळ्यांसमोर वाचू लागले. भाषेबद्दल होते. वेदीबद्दल होते. लोकांनी वाचने करावीत, गाणी म्हणावीत, असे होते. शेवटची ओळ आणि सही वाचून काकांनी मान वर केली. "कठडा हा शब्द यात नाही. काढा म्हणून नाही, ठेवा म्हणूनही नाही."

शिंपीणबाई फादरांकडे नव्हे, भावाकडे वळल्या.

"तुला कधी कळलं?"

"काढला त्याच महिन्यात. फादर आजारी होते, त्यांची औषधं शोधताना खणात सापडलं."

"आणि तरी तू मला सगळ्या गावात वेडी ठरू दिलंस."

काकांनी कागदाची घडी घातली. "एक खोटं निघालं असतं, तर तू सगळंच खोटं म्हणाली असतीस. भाषासुद्धा. लोकांना पहिल्यांदा काहीतरी कळत होतं गं. ते मोडेल, असं वाटलं मला."

"म्हणाले असते," बाई म्हणाल्या. "पण तुला खोटा म्हणाले नसते."

फादर वेदीच्या पायरीवर बसले. एवढ्या माणसांसमोर, मिस्सेच्या वस्त्रांसह. त्यांनी सांगितले, "चूक माझी आहे. यांची नाही. माझी आई चर्चची फरशी पुसायची. कठड्याच्या आत तिला फक्त फडकं घेऊन जाता यायचं. मी लहानपणी बाहेर उभा राहून बघायचो. तेव्हाच ठरवलं होतं, की कधीतरी हे कुंपण काढीन. नुसतं माझं मत म्हणून सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं नसतं. म्हणून पत्राचं नाव घेतलं."

हे ऐकून मी गार झालो. मित्रांनो, ते खोटे नव्हते. माझ्या आत किती बायका आल्या होत्या? फडके आणि बादली घेऊन आल्या होत्या, तेवढ्याच. मी स्वतःला सगळ्यांना समान करणारा समजत होतो, आणि एका पोराला मी कुंपण वाटलो होतो. मला कोणी कधी विचारले नव्हते, हे खरे. पण मीही कधी विचार केला नव्हता.

तेवढ्यात बाकावरून शिंपीणबाईंच्या सासूबाई बोलल्या. हात गळ्यात, चेहरा पांढराफटक, पण आवाज खणखणीत. "अहो फादर, कठड्याला फाटक होतं ना? मग फाटक उघडायचं होतंत. आख्खा कठडा कशाला उपटलात?"

कोणीतरी हसले, आणि हसता हसता रडले.

पुढच्या रविवारी फादरांनी ते पत्र स्वतः पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले आणि आपण काय केले तेही सांगितले. म्हणून सगळे सुरळीत झाले, असे समजू नका. काही लोक म्हणाले, "आज एक कबूल केलं, आणखी काय काय लपवलंय कोण जाणे." काही तरुण म्हणाले, "खोटं बोलले ते वाईट, पण कठडा गेला ते बरं झालं." पुलावरच्या अकरा घरांपैकी सात परत आली, चार आली नाहीत. बरेच दिवस वाद घालून असे ठरले की माझे दोन तुकडे दोन्ही बाजूंना बसवायचे, मधला भाग मोकळा ठेवायचा. ज्याला गुडघे टेकायचे त्याने टेकावेत, ज्याला उभे राहायचे त्याने उभे राहावे. म्हणजे मी आता अर्धा आत आहे आणि अर्धा घंटेखालच्या खोलीत. यावर खूश व्हावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शिंपीणबाई परत आल्या त्या एका अटीवर. वरून येणारे प्रत्येक पत्र दारातल्या फळ्यावर लावायचे. फादरांनी ते मान्य केले. तेव्हापासून कागद लागला की बाई चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सहीपर्यंत वाचतात. मिस्सा सुरू झाली तरी वाचन संपल्याशिवाय आत येत नाहीत. भावाशी त्या पुन्हा बोलू लागल्या, पण मोजून मापून. एकदा काका मागे उभे राहून म्हणाले, "काय लिहिलंय गं?" त्या मागे न वळता म्हणाल्या, "तूच वाच. तुला आमच्याआधी वाचायची सवय आहे." काका खाली मान घालून हसले. बाईही हसल्या असाव्यात. खांदे हलताना दिसले.

पाच वर्षांनी फादरांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी सगळे त्यांना हार घालत होते. शिंपीणबाई सर्वांत शेवटी आल्या. "फादर," त्या म्हणाल्या, "माझा तुमच्यावर पुरता विश्वास बसला नाही. पुढेही बसेल असं वाटत नाही. पण माझ्या सासूच्या मोडलेल्या हाताजवळ तुम्ही जे बोललात, ते खरं होतं. विचारलं कोणी, तर तेवढं मी सांगेन." फादरांनी हात जोडले. मला वाटते, त्या दिवशी झालेल्या सगळ्या भाषणांतून त्यांनी तेवढेच सोबत नेले.

मित्रांनो, जुने ते सगळे जपा, असे मी सांगणार नाही. माझ्या आत फक्त बादली घेऊन जाता येणाऱ्या बायका मी विसरू शकत नाही. बदल करायचा असेल तर जरूर करा. पण ज्याच्यावर कोणी हात टेकतो आहे ती वस्तू काढण्याआधी त्या हाताला विचारा. मत तुमचे असेल तर ते तुमचे म्हणून सांगा, दुसऱ्याच्या सहीआड लपवू नका. कारण एक खोटे शंभर खऱ्यांना संशयित करून सोडते. आणि ज्यांना शंका येते त्यांना हसू नका. मी लाकूड आहे. मला उपटले तेव्हा मला करकरण्यापलीकडे काही करता आले नाही. तुम्हाला बोलता येते, वाचता येते. म्हणून नम्रपणे विचारत जा, आणि तुम्हाला कोणी विचारले, तर त्याच्या हातात कागद द्या.